कप तेलुगूत नव्हता

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका ३४ वर्षांच्या, सोलापुरात एका रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह केअर पथकात सिस्टर आहेत. आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्या पेशंटच्या घरी जायचं, दुखणं आटोक्यात ठेवायचं, ड्रेसिंग करायचं, घरच्यांना सगळं शिकवायचं, हे काम त्या पाच वर्षं करताहेत. घरी तेलुगू, शाळा मराठी, कन्नडही चांगलं येतं. त्यामुळे पूर्व भागातल्या, कुंभारीच्या विडी घरकुलातल्या, अक्कलकोटकडच्या भेटी बहुतेक त्यांच्याच वाट्याला येतात. "त्याबद्दल तक्रार नाही," असं त्या लिहितात.

मार्चमध्ये एका घरी गालाच्या कॅन्सरचे आजोबा होते, जुने गिरणी कामगार. सोबतची ज्युनिअर सिस्टर ड्रेसिंगला पुढे झाली. आदल्या भेटीत आजोबांनी तिचं आडनाव विचारून घेतलं होतं. ते तेलुगूत म्हणाले, "हिचा हात नको. तू कर." ज्युनिअर सिस्टरला तेलुगू येत नाही. तिनं विचारलं, "काय म्हणाले?" पत्रलेखिका म्हणाल्या, "काही नाही गं, मी ओळखीची ना, म्हणून मीच करावं म्हणतात." नंतर चहा आला. डॉक्टरांना आणि पत्रलेखिकेला स्टीलच्या पेल्यात, तिसरा प्लॅस्टिकच्या कपात. अकरा दिवसांनी आजोबा गेले. "मला काहीच वाटलं नाही. आधी प्रत्येक पेशंटसाठी रडायचे. मी दगड झालेय का?" हल्ली रात्री दोनला जाग येते ती येतेच. पुण्याच्या एका डायलिसिस सेंटरमधून जास्त पगाराची नोकरी चालून आली आहे. जावं का? आणि "जे तिला माहीतच नाही ते सांगून तिला कशाला दुखवायचं?" हा शेवटचा प्रश्न.

प्रिय सिस्टर,

तुमचं पत्र वाचताना मी अडले ती आजोबांपाशी नाही. "त्याबद्दल तक्रार नाही" या तीन शब्दांपाशी अडले. पुढची तीन पानं तुम्ही स्वतःला दोष दिलाय, आणि ज्याची खरोखर तक्रार करायला हवी ते एका ओळीत झाकून टाकलंय. म्हणून तिथूनच सुरू करते.

तुम्हाला तेलुगू येतं ही तुमच्या पथकाच्या लेखी एक सोय आहे. कुणाला स्कूटर येते, कुणाला कॉम्प्युटर येतो, तसं. पण पेशंटच्या घरात हे काय काम असतं बघा. दुखण्याला आपण मराठीत ठणका म्हणतो, कळ म्हणतो, चमक, ठसठस, रग, आग, मुंग्या म्हणतो, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. तेलुगू माणूस "नोप्पि" म्हणाला तर दुखतंय, "मंट" म्हणाला तर आग होतेय. कन्नडमध्ये "नोवु" वेगळं, "उरि" वेगळं. कुणी हे सगळं एकाच "दुखतंय म्हणतात" मध्ये कोंबलं, तर डॉक्टर मॉर्फिनचा डोस वाढवणार. पण आग, करंट मारल्यासारखं वाटणं ही बहुतेकदा नसेच्या दुखण्याची खूण. तिथं नुसत्या मॉर्फिननं भागत नाही, अमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेंटिनसारखं औषध जोडायला लागतं. म्हणजे तुम्ही त्या घरात भाषांतर करत नसता, निदानाचा अर्धा भाग करत असता. तो कुठल्या रजिस्टरात लिहिला जातो?

मी दवाखान्यात वैद्यकीय समाजसेवक म्हणून बरीच वर्षं काढली. अशोक चौकाच्या मागं एका घरी गेलो होतो. आजींना अन्ननलिकेचा कॅन्सर. पथकात तेव्हा तेलुगू येणारं कुणी नव्हतं, घरात मराठी येणारी एकटी नात, सहावीतली. डॉक्टरांनी तिला सांगितलं, "आजीला सांग, आता घास उतरणार नाही, नळी घालायची का ते ठरवायला लागेल." मुलगी आजीकडे वळली आणि काहीतरी बोलली. आजी हसल्या, मान डोलावली. आम्हाला वाटलं, किती समजूतदार बाई. आठवड्यानं शेजारीण भेटली तेव्हा कळलं की पोरगी म्हणाली होती, "आजी, डॉक्टर म्हणतात थोडं थोडं जेवत जा."

त्या मुलीला मी आजही दोष देत नाही. तिच्या अंगावर जे टाकलं गेलं ते तिनं तिच्या परीनं हलकं केलं. तुम्हीही आजोबांच्या खाटेपाशी तेच केलंत. फरक एवढाच की तुम्ही सहावीत नाही, आणि ते वजन तुमच्यावर रोज टाकलं जातं. डॉक्टर वाईट बातमी मराठीत सांगतात आणि फाइल चाळायला लागतात. पेशंटची बायको जेव्हा छातीवर हात मारून घेते तेव्हा बघत असते तुमच्याकडे, कारण तिच्या भाषेत ते वाक्य तुमच्या तोंडून आलेलं असतं. "माझा नवरा जाणार" हे तिला तुम्ही सांगितलंत. असं वर्षातून किती वेळा?

मोजलंय कधी? मोजा. ड्यूटी बुक तुमच्या हाताशी आहे. मागच्या तीन महिन्यांचं काढा: तुमच्या भेटी किती, बाकीच्या सिस्टरच्या किती, तुमच्याकडच्या पेशंटपैकी गेले किती, "आता उपचार थांबवायचे" हे सांगायला तुम्ही किती वेळा बसलात. साध्या वहीच्या एका पानावर. हे पान घेऊन इन्चार्ज सिस्टरकडे जा. "मला फार होतंय" असं म्हटलं की आपल्याकडे रजा घे, चार दिवस गावाला जाऊन ये म्हणतात. आकडे ठेवले की वाटपाबद्दल बोलावं लागतं.

आणि मागणी काय करायची तेही ठरवून जा. तेलुगू-कन्नड घरातल्या भेटीला दीडपट वेळ धरावा, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. वाईट बातमी सांगायच्या भेटीत डॉक्टर हजर असतील, आणि तुम्ही बोलत असताना तेही त्या बाईकडेच बघतील. लागोपाठ दोन घरी मरण असेल तर तिसरी भेट दुसऱ्या कुणाची. आणि लांब पल्ल्याचं म्हणजे, त्याच वस्तीतले स्वयंसेवक तयार करायचे. केरळात १९९३ साली कालिकतला हे काम सुरू झालं आणि पुढे ज्या पद्धतीनं पसरलं, ते गल्लीतल्या शिकवून तयार केलेल्या माणसांच्या जिवावर. आपल्या पूर्व भागात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी चारही बोलणाऱ्या विडीवाल्या बायका काय कमी आहेत? फक्त पेशंटच्या शेजारणीलाच दुभाषी करू नका, नाहीतर घरातलं दुखणं संध्याकाळपर्यंत नळावर जातं.

आता तुमचा दगड.

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणचा ताण न हाताळल्यामुळे उद्भवणारी गोष्ट म्हटलं. तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामापासून मनानं तुटणं किंवा त्याविषयी कडवट होणं, आणि आपण काही कामाचे नाही असं वाटणं. यातल्या पहिल्या दोन तुमच्या पत्रात दिसतात. तिसरी मला नाही दिसली. आजोबांच्या जखमेची घाण कमी व्हावी म्हणून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून कशा टाकायच्या हे त्यांच्या सुनेला शिकवलं आणि "शेवटचे आठ दिवस घरात नाक धरावं लागलं नाही" असं तुम्ही लिहिलंय. त्या वाक्यात मला अभिमान ऐकू आला. राहू द्या तो.

पण याहून जवळचा शब्द दुसरा आहे. अँड्र्यू जेमटन नावाच्या अभ्यासकानं १९८४ साली नर्सेसविषयी लिहिताना एक गोष्ट ओळखली: योग्य काय ते माणसाला कळत असतं, पण संस्था, वरिष्ठ, परिस्थिती ते करू देत नाही, आणि ती कुचंबणा नंतर आत राहते. इंग्रजीत त्याला मॉरल डिस्ट्रेस म्हणतात. आपण साधं म्हणू, मन खाणं. तुमचं मन खातंय. आजोबा गेल्याचं दुःख झालं नाही म्हणून तुम्ही घाबरलात. पण त्यांनी तुमच्याकडून खोटं बोलवून घेतलं होतं आणि तुमच्या हातानं तुमच्या सहकारणीला बाजूला सारलं होतं. अशा माणसासाठी रडू आलं नाही, यात दगड कुठे आला? शिवाय कुठला चहा कुठल्या भांड्यात आला हे महिन्यांनी तुम्हाला आठवतं. तुम्हाला वाटतंय त्याहून पुष्कळ जास्त वाटतंय.

रडणं हे मोजमाप धरू नका एवढंच म्हणते. पाच वर्षांत रडणं कमी होणं हे कधी थकवा असतं, कधी नुसता सराव. रात्री दोनची जाग मात्र मी हलक्यात घेणार नाही. ती दोन आठवड्यांच्या वर चालली असेल, जेवण तुटलं असेल, किंवा "नकोच हे सगळं" असा विचार येत असेल, तर स्वतःच्या डॉक्टरांना दाखवा. शहरात सगळे ओळखीचे, लाज वाटते म्हणून जात नसाल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी फोन आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. दुसऱ्याच्या मॉर्फिनचा हिशेब चार-चार तासांनी ठेवणाऱ्या बाईनं स्वतःच्या झोपेचा एवढा ठेवावा.

इथं जरा आडरस्त्याला जाते. आपल्या गावाला डॉक्टर कोटणीसांचा अभिमान आहे, आणि असायलाच हवा. चीनमध्ये गेले, तिथली भाषा शिकले, जखमी सैनिकांवर सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, हे शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलं. ते गेले तेव्हा ३२ वर्षांचे होते, हे त्याच धड्यात असतं, पण त्यावर प्रश्न कधी येत नाही. सेवा म्हटली की आपल्याला ७२ तास आठवतात.

आता कप. तुम्ही लिहिता, तिला माहीतच नाही. सिस्टर, आजोबांचं वाक्य तेलुगूत होतं. कप तेलुगूत नव्हता.

दोन पेले आणि एक कप, तो तिच्या हातात. आदल्या भेटीत विचारलेलं आडनाव. नेहमी ती करते ते ड्रेसिंग अचानक तुम्ही करणं. तुम्ही "ओळखीची" म्हणालात, पण तुम्ही तर त्या घरी दुसऱ्यांदाच गेला होतात. ज्या मुलीनं लहानपणापासून असे कप ओळखलेत तिला तुम्ही भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. मला खात्री देता येणार नाही, पण माझा अंदाज विचाराल तर तिनं तुम्हाला "काय म्हणाले?" हे माहिती घ्यायला विचारलं नसावं. तुम्ही काय सांगता ते बघायला विचारलं असावं.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, ठाऊक आहे. पण "तिला दुखवायचं नाही" या विचारात एक गोष्ट लपलीय, ती बघा: तिच्या वतीनं तुम्ही ठरवलंत. पेशंटच्या नातेवाईकांना तुम्ही रोज काय सांगता? "पेशंटला सांगू नका, त्याला सहन होणार नाही" असं मुलगा म्हणतो, तेव्हा तुम्हीच ना समजावता, की त्यांना बहुतेक कळलेलंच असतं, आपण गप्प राहिलो की ते एकटे पडतात?

हा प्रकार पुन्हा घडणार, आणि तुमच्याच पथकात असं नाही. म्हणून हे वाचणाऱ्या इतरांसाठीही लिहिते. पेशंटनं "दुसरी सिस्टर हवी" म्हटलं की प्रत्येक वेळी जातच असते असं नाही. बाई पेशंटला कॅथेटरसाठी बाईच हवी असते, ते रास्त. कुणाला आपली भाषा बोलणारं हवं असतं, तेही रास्त. मरणाच्या जवळ माणसाला भ्रम होतो, पोटच्या मुलालाही ओळखत नाही, शिव्या देतो, ते मनावर घ्यायचं नसतं. पण आडनाव विचारून, शुद्धीत, "हिचा हात नको" हे यातलं कशातच बसत नाही. मरणाऱ्या माणसाला सगळं माफ, असं एक आपण धरून चालतो. त्याचं दुखणं कमी करायचं आपण कबूल केलंय. त्याचा विटाळ सांभाळायचं नाही.

मग काय करायचं? पेशंटला टाकून यायचं का? नाही. औषध थांबवायचं नाही, त्याच्या घरच्यांनी काही केलेलं नसतं. आणि कधी केलेलं असतं, तरीही नाही. पण तुम्ही म्हणू शकता, आणि त्याच्याच भाषेत म्हणा म्हणजे नीट पोचेल: "आजोबा, आमच्याकडे ड्रेसिंग ह्याच करतात, हात त्यांचा चांगला आहे. आम्ही माणूस असा बदलत नाही." एवढंच. आवाज न चढवता. चहा तसा आला तर तुम्हीही घेऊ नका, हे काही कुणी शिकवायला लागत नाही. बहुतेक ठिकाणी दुखणं माणसाला नमवतं. नाही नमला, तर बाहेर आल्यावर तिला विचारा, तुला या घरी पुढच्या वेळी यायचंय का? ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क, आणि त्याबद्दल तिच्या नावावर काही लागता कामा नये. ती हो म्हणाली तर तोही तिचाच. तिला धडा शिकवायचं साधन करू नका.

इन्चार्ज आणि ट्रस्टी मंडळींना एक विनंती. हे लिहून ठेवा. पेशंटच्या पहिल्या भेटीत आपण जो कागद सही करून घेतो त्यावर एक ओळ घाला, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दूत, की पथकातली व्यक्ती जातीवरून किंवा धर्मावरून बदलून मिळणार नाही. संस्थेनं छापलेली ओळ असली की दारात उभ्या असलेल्या सिस्टरला स्वतःच्या जिवावर बोलावं लागत नाही. अस्पृश्यता बंद करणारं संविधानाचं १७वं कलम आहे, १९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तक्रार करायची की नाही हे जिच्यावर बेतलं तिनं ठरवायचं. पण ती बोलली तर तिला "जाऊ दे गं, मरायला टेकलाय" असं ऐकवणार नाही, एवढं तरी संस्थेनं ठरवावं. आणि आठवड्यातून एकदा, गेलेल्या पेशंटविषयी बोलायला अर्धा तास, ड्यूटीच्या वेळेत, चहासकट. ड्यूटी संपल्यावर नको. घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या असतात.

राहिलं पुणे.

जाण्यात पाप नाही. हे आधी सांगते, कारण तुम्ही "पळून जाणं" असा शब्द वापरलाय. जगात ज्यांना पॅलिएटिव्ह केअर लागते त्यांच्यापैकी जेमतेम १४ टक्क्यांना ती मिळते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा प्रत्येक ट्रेनिंगमध्ये दाखवतात आणि मग नर्सला वाटतं, आपण गेलो तर उरलेल्यांचं काय. ते भगदाड तुमच्या पगारात बुजवायचं नाहीये. "सेवा आहे ही" म्हणत कमी पैशात राबवून घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि राबणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. पगार हे कारण असेल तर ते पुरेसं आणि सरळ कारण आहे.

फक्त डायलिसिस म्हणजे मरणापासून सुटका असं समजू नका. तिथं तोच माणूस आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं समोर येतो, आणि एक दिवस त्याची खुर्ची रिकामी असते. तिथंही तेलुगू-कन्नड बोलणारे असतील आणि तुम्हालाच हाक मारतील. ओझं काय आहे ते न ओळखता जागा बदलली तर ते सोबत येतं.

या कामाची सुरुवात ज्यांनी केली त्या सिसिली साँडर्स नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यानं नर्सिंग सुटलं. मग त्या माझ्यासारख्या रुग्णालयात समाजसेवेचं काम करायला लागल्या. लंडनच्या वॉर्डात त्यांना डेव्हिड टॅस्मा भेटला, वॉर्सातून आलेला ज्यू निर्वासित, हॉटेलात वेटरचं काम करणारा, परक्या गावात कॅन्सरनं एकटा मरणारा. १९४८ साली तो गेला आणि पाचशे पौंड ठेवून गेला, मरणाऱ्यांसाठी तुम्ही जे घर काढाल त्यात मी एक खिडकी होईन म्हणून. नंतर साँडर्स डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी ते घर, सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, उघडलं. हे सांगितलं ते दोन कारणांनी. एक, नर्सिंग सोडणं म्हणजे काम सोडणं असंच नसतं. दुसरं, या सगळ्याच्या मुळाशी परका माणूस आणि त्याच्याशी बसून बोलणारी बाई आहे. तुम्ही पूर्व भागात जे करता ते या कामाच्या कडेला नाही, मधोमध आहे, आणि पगाराची, वेळेची, माणसांची मागणी करताना तुम्ही तिथूनच बोलायचं.

माझा सल्ला: पुण्याला पंधरा-वीस दिवसांची मुदत मागा. तेवढ्यात दोन गोष्टी करा. वहीतलं पान घेऊन इन्चार्जकडे जा. काय उत्तर मिळतं त्यावरून इथं राहण्यात अर्थ आहे का ते तुम्हाला पुष्कळसं कळेल. "बघू" म्हणाले तर तारीख विचारा. तारीख नाही मिळाली तर तेही उत्तरच.

दुसरी गोष्ट तिच्याशी बोलणं. हे पुण्याला जायचं ठरलं तरी करायचं, नाहीतर रात्री दोनची जाग तिकडेही येईल. गाडीत नको, ड्रायव्हरदादा ऐकत असतात. वॉर्डात तर नकोच. सुट्टीच्या दिवशी तलावाच्या काठी, किंवा तिला सोयीचं असेल तिथं. माफीनं सुरुवात करू नका, माफी मागितली की समोरच्याला लगेच "अगं असू दे" म्हणावं लागतं आणि विषय मिटतो. आजोबा काय म्हणाले ते आधी जसंच्या तसं सांगा, मराठीत. मग सांगा की मी तुला खोटं सांगितलं. आणि मग गप्प बसा. तिला राग येईल, ती उठून जाईल, किंवा म्हणेल की मला तेव्हाच कळलं होतं. काहीही म्हणाली तरी "तसं नव्हतं गं" म्हणू नका.